ॲकूस्टिक वाजवणाऱ्याला पहिली इलेक्ट्रिक गिटार देताना

"बहीण बरीच वर्षं ॲकूस्टिक वाजवते. वाढदिवसाला तिला इलेक्ट्रिक द्यायची आहे. कोणती घेऊ?" असे प्रश्न मला वरचेवर येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. विचारणारे बहुतेकदा स्वतः वाजवत नाहीत. दुकानात भिंतभर टांगलेल्या गिटारी बघून ते गांगरतात आणि मग विक्रेता जे पुढे करेल ते घेऊन येतात.

माझं म्हणणं आधीच सांगतो. तुम्ही जिला भेट देताय ती नवशिकी नाही. इलेक्ट्रिक तिला नवीन असेल, पण तिचा कान तयार आहे, तालात हात बसलेला आहे आणि बोटांना वर्षानुवर्षांच्या सवयी आहेत. नवशिक्यांसाठी म्हणून एकाच खोक्यात गिटार, ॲम्प (आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा), केबल, पट्टा आणि पिक असा जो संच मिळतो, तो तिच्यासाठी नाही. त्यातला ॲम्प बहुतेक वेळा इतका सुमार असतो की पाचच मिनिटांत तिच्या कानाला ते कळेल, आणि ती तुमचं मन राखायला छान आहे म्हणेल. मग ती गिटार कपाटावर जाईल. अशा गिटारी मी पाहिल्या आहेत आणि दर वेळी मला खरंच वाईट वाटलं आहे, कारण देणाऱ्याच्या प्रेमात काही उणं नव्हतं.

एक घोटाळा आधी दूर करतो. सॉकेट असलेली प्रत्येक गिटार इलेक्ट्रिक नसते. पोकळ लाकडी अंग, मध्ये गोल भोक आणि कडेला केबल लावायची जागा असेल तर ती इलेक्ट्रो-ॲकूस्टिक. तिच्यात साधारणपणे ब्रिजखाली (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या पट्टीखाली) पिएझो पिकअप, म्हणजे थरथरीचं विजेत रूपांतर करणारा भाग, असतो आणि स्पीकरमधून येतो तो ॲकूस्टिकचाच आवाज, फक्त मोठा. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वर पोलादी तार थरथरली की त्या वेटोळ्यात विजेचा प्रवाह निर्माण होतो. म्हणूनच ॲकूस्टिकच्या ब्राँझच्या तारा इलेक्ट्रिकवर चालत नाहीत, कारण ब्राँझला चुंबक फारशी दाद देत नाही.

आता हातांचं बघू, कारण निर्णय खरा तिथेच होतो.

ॲकूस्टिकवर सहसा 'बाराचा सेट' असतो, म्हणजे सर्वांत बारीक तार एका इंचाच्या बारा हजारांश जाडीची. इलेक्ट्रिकवर नऊचा किंवा दहाचा सेट असतो. तिसरी तार ॲकूस्टिकवर गुंडाळलेली असते, इलेक्ट्रिकवर साधी, गुळगुळीत. तुम्हाला वाटेल, बारीक तारा म्हणजे सोपं. बेंड करायला, म्हणजे तार बाजूला ढकलून सूर चढवायला, सोपं, हे खरं. पण ॲकूस्टिकवाल्यांची डाव्या हाताची पकड जबर असते, आणि त्याच जोराने बारीक तार दाबली की ती फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) ताणली जाऊन सूर वर चढतो. गिटार नीट लावलेली असते, तरी प्रत्येक कॉर्ड किंचित बेसूर येते. वाजवणारीला वाटतं गिटारच खराब आहे. हात हलका व्हायला थोडे आठवडे जातात. म्हणून अशा हातांसाठी मी नऊचा सेट टाळतो आणि दहाचा सुचवतो. नेक, म्हणजे गिटारची मान, लहान मापाची असेल तर अकराचाही चालेल.

नेकचं माप म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंत मोकळ्या तारेची लांबी. फेंडर कंपनीच्या पद्धतीच्या गिटारींवर ती साधारण ६४८ मिलिमीटर असते, गिब्सन कंपनीच्या पद्धतीच्या गिटारींवर सुमारे ६२८. दोन सेंटिमीटरचाच फरक, पण लांबी कमी असली की त्याच सुराला ताण कमी लागतो आणि तारा बोटांखाली मऊ लागतात. रुंदीही बघा. ती बोटांनी एकेक तार छेडत वाजवत असेल, तर तिची ॲकूस्टिक नटपाशी ४४ मिलिमीटरच्या आसपास असू शकते. बऱ्याच इलेक्ट्रिक ४२ किंवा ४३ च्या असतात. दोन मिलिमीटर हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो, पण बोटांनी वाजवणाऱ्याला तो पहिल्या क्षणी जाणवतो. तिची सध्याची गिटार मोजपट्टीने गुपचूप मोजून घ्या, एवढं तर कुणालाही जमेल.

वजनाचा विचार फार कमी लोक करतात. ॲकूस्टिक साधारण दोन किलोची असते. गिब्सनच्या लेस पॉल पद्धतीची भरीव गिटार सहज चार किलोंच्या पुढे जाते. उभं राहून तासभर वाजवलं की खांदा बोलायला लागतो.

मग प्रकार कोणता? आज जे आकार दुकानात दिसतात त्यांतले बहुतेक १९५० च्या दशकात ठरले. फेंडरच्या टेलिकास्टरला हे नाव १९५१ मध्ये मिळालं, लेस पॉल १९५२ मध्ये आली, स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये. हे आकार आता अनेक कंपन्या आपापल्या नावांनी बनवतात, त्यामुळे ब्रँडच्या आधी आकार ठरवा. आणि तो ठरवताना तिने आज काय वाजवलं याच्यापेक्षा ती कानाला हेडफोन लावून काय ऐकते ते विचारा. ॲकूस्टिकवर ती कदाचित शांत गाणी वाजवत असेल, कारण त्या वाद्यावर तीच शोभतात. तिला हव्याशा वाटणाऱ्या आवाजांमध्ये मात्र जोरकस, लांबत जाणारे सूर असतील. इलेक्ट्रिक तिला त्यांच्यासाठीच हवी आहे.

जड, घट्ट, डिस्टॉर्शनचं (मुद्दाम फाटवलेल्या आवाजाचं) संगीत ऐकत असेल तर हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचे, पिकअप हवेत. एकेरी वेटोळ्याचा सिंगल-कॉइल पिकअप घरातल्या विजेची ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण पकडतो, आणि गेन (आवाज किती फाटवायचा ते ॲम्पचं बटण) वाढवला की ती गुणगुण त्रास देते. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास दोन वेटोळी एकमेकांच्या उलट जोडून ती घालवली. आवाजही भरदार झाला. पण स्वच्छ, खणखणीत, प्रत्येक तार वेगळी ऐकू येणारा आवाज तिला आवडत असेल, तर सिंगल-कॉइलला तोड नाही. ॲकूस्टिकवरून येणाऱ्याला तो आवाज ओळखीचाही वाटतो.

आणि काहीच माहिती काढता आली नाही तर? तर माझं मत टेलिकास्टर आकाराला. दोन पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन, एक स्विच. ब्रिज स्थिर. व्हॉल्यूमचं बटण तारांपासून लांब असल्यामुळे स्ट्रमिंग करणारा उजवा हात त्याच्यावर आपटत नाही. स्ट्रॅटोकास्टरवर तो आपटतो, आणि ॲकूस्टिकवाल्यांचा हात मोठा फिरतो म्हणून जास्तच आपटतो. ब्लूज असो, रॉक असो, संथ जॅझ असो, ती सगळीकडे टिकते. अर्धपोकळ गिटारही मला ॲकूस्टिकवाल्यांच्या हातात फार आवडते, अंगाशी धरल्यावर ती ओळखीची वाटते. पण आवाज आणि गेन दोन्ही चढवले की ती शिट्टी मारायला लागते, एवढं लक्षात ठेवा.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे नको म्हणेन: पहिल्या गिटारवर तारा दोन्हीकडून स्क्रूने जखडणारा, तरंगता ट्रेमोलो ब्रिज, म्हणजे दांडी हलवून सूर वरखाली करायचा ब्रिज. ज्यांना त्याचं तंत्र येतं त्यांच्यासाठी तो उत्तम आहे. पण तो तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगा यांच्या तोलावर उभा असतो. एक तार तुटली की उरलेल्या पाचही बेसूर होतात. जाड-बारीक सेट बदलला किंवा ट्यूनिंग खाली उतरवलं की सगळा तोल पुन्हा साधावा लागतो. ॲकूस्टिकवाले तर मनात येईल तेव्हा सहावी, सर्वांत जाड तार डी सुरावर उतरवणारे लोक. त्यांच्या हातात हा ब्रिज देऊ नका.

आता ॲम्प. पोस्टमधला हाच भाग सगळ्यांनी वाचावा अशी माझी इच्छा आहे. ॲकूस्टिकमध्ये आवाज लाकडाच्या पोकळीतून येतो. इलेक्ट्रिकमध्ये तो स्पीकरमधून येतो, त्यामुळे ॲम्प हे वाद्याचं दुसरं अर्धं अंग आहे. सगळे पैसे गिटारवर घालून उरल्यासुरल्यात ॲम्प घेण्यापेक्षा एक पायरी साधी गिटार आणि एक पायरी चांगला ॲम्प घ्या. वॅटच्या आकड्याला भुलू नका. वॅट दहापट झाले की आवाज कानाला साधारण दुपटीने मोठा वाटतो, दहापट नव्हे. घरासाठी पाच-दहा वॅट पुरतात आणि पाच वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्पसुद्धा पूर्ण उघडला तर शेजारी दार ठोठावतील. घरात लहान मूल असेल किंवा वाजवायची वेळ रात्रीची असेल, तर हेडफोनचं सॉकेट असलेला मॉडेलिंग ॲम्प (वेगवेगळ्या ॲम्पच्या आवाजांची नक्कल करणारा) घ्या. कमी आवाजातही चांगला वाजेल असाच बघा. घरातल्या गाणी ऐकायच्या स्पीकरला गिटार थेट जोडून भागवू नका. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे सूर फारसे बाहेर सोडत नाही, म्हणून डिस्टॉर्शन त्याच्यातून गोड लागतं. साध्या स्पीकरमधून तेच डिस्टॉर्शन चिरकं, कानात टोचणारं येतं.

डिस्टॉर्शनवरून आठवलं. पहिल्या दिवशी ती गेन चढवून सहाही तारांची 'जी मेजर' (G major) कॉर्ड दणकून वाजवेल आणि समोरून गढूळ गोंधळ येईल. डिस्टॉर्शन एकत्र वाजणाऱ्या सुरांमधून नवे सूर तयार करतं आणि जेवढे सूर जास्त तेवढा चिखल जास्त. म्हणूनच तिथे फक्त षड्ज आणि पंचम घेऊन पॉवर कॉर्ड वाजवतात, आणि न वाजणाऱ्या तारा दोन्ही हातांनी दाबून गप्प ठेवाव्या लागतात. ॲकूस्टिकवर तारा घुमू देण्यात मजा असते. इथे त्यांना आवरण्यात अर्धं कौशल्य आहे. तिला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ती त्या दिवशी हिरमुसणार नाही.

गिटार घरी आणण्याआधी तिचं सेटअप करून घ्या. ट्रस रॉड (मानेचा बाक ठरवणारी आतली सळई), तारांची उंची, इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर येणं), नटच्या खाचा, हे सगळं जाणकार माणसाने बघितलेली मध्यम गिटार ही तशीच खोक्यातून काढलेल्या महागड्या गिटारला भारी पडू शकते. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची दीड ते दोन मिलिमीटर असेल तर बोटं सुखावतात. जुनी घेत असाल तर फ्रेटवरच्या खाचा, नेकचा पीळ आणि प्रत्येक बटण फिरवताना होणारी खरखर तपासा. ती डावखुरी वाजवते का, हे मात्र विसरून चालणार नाही.

रंगाला कमी लेखू नका. रोज नजरेसमोर असलेली गिटार आवडत्या रंगाची असेल तर हात आपसूक तिच्याकडे जातो.

राहिला सरप्राइजचा प्रश्न. लोक इथे अडतात, कारण एवढं सगळं बघायचं तर तिला न सांगता कसं जमणार? माझा सल्ला असा: सरप्राइज म्हणून ॲम्प द्या. तो हातात धरायचा नसतो, त्यामुळे नेकची जाडी, वजन, रुंदी यांचा प्रश्न त्याच्या बाबतीत येत नाही. कागदात गुंडाळून, केबल आणि पट्टा सोबत ठेवून द्या. मग दोघं मिळून दुकानात जा. तिथे तिला तीन-चार गिटारी मांडीवर घेऊन, ॲम्प बंद ठेवून, निवांत वाजवू द्या. तुम्ही शेजारी बसा आणि घाई करू नका. ज्या गिटारकडे ती पुन्हा वळेल, ती घ्या, भले ती तुम्ही ठरवलेल्या आकाराची नसली तरी.