बोलण्याचंही तिकीट काढा आता

काय करून राहिले बे तुम्ही लोकं त्या जिराच्या बोर्डावर, जिथं टीमच्या प्रत्येक कामाचं 'तिकीट' काढून नोंद ठेवा लागते! एका बटणाचा रंग बदलायचा होता, दहा मिनिटाचं काम, त्याच्यासाठी आधी एपिक म्हणजे मोठं काम शोधा, मग त्यातली स्टोरी, मग तिचा तुकडा सबटास्क, मग ते लाल चांदणीवाले फील्ड भरा, त्यातले अर्धे कोणी कोणत्या जन्मी टाकले कोणाले माहीत नाही पण रिकामं सोडलं का सेव्हच होत नाही, म्हणून सगळे 'एनए', म्हणजे 'लागू नाही', टाकून मोकळे. अन् त्याच 'एनए'चा रंगीत चार्ट मॅनेजर क्लायंटले दाखवते.

जिरा 2002 मध्ये आलं ते बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, ट्रॅक करायले ना? बिचाऱ्या टूलचा काय दोष, आमच्या लोकांनी 'डन'च्या आधी डेव्ह डन (कोड झाला), क्यूए डन (टेस्टिंग झालं), यूएटी डन (वापरणाऱ्यानं तपासलं) घुसवले.

स्टोरी पॉइंटचं, म्हणजे काम किती मोठं त्याच्या अंदाजाच्या आकड्याचं, तर बोलूच नका. फिबोनाचीचे आकडे म्हणे, मागचे दोन जोडून पुढचा, 5 नंतर डायरेक्ट 8. पॉइंट म्हणजे तास नाही हे ट्रेनिंगमध्ये घोकून घेते अन् सोमवारी स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, तोच माणूस विचारते, "8 पॉइंट म्हणजे किती दिवस?"

अन् डुप्लिकेट! चार टीम, बग एकच, चार बोर्डावर, आमचं तिकीट दुसऱ्या टीमच्यानं अडलेलं, त्यांचं आमच्याच्यानं. शेवटी आयटी पार्कच्या टपरीवर तर्री पोहे खाता खाता मी अन् त्या टीमचा एक जण बोललो, पाच मिनिटात मिटलं.

आता टीम लीड म्हणते, या डिस्कशनचं तिकीट कुठंय?