पीएचएच३ लावलं म्हणून मायटोसिसची मोजणी सुटत नाही

‘मेलॅनोमात मायटोसिस शोधत डोळे फोडू नका, पीएचएच३ स्टेन लावा, रंगलेली केंद्रकं मोजा, स्टेज हातात’ हा सल्ला बराच फिरतो. (मेलॅनोमा म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, मायटोसिस म्हणजे पेशीविभाजन, आणि पीएचएच३ म्हणजे फॉस्फेट लागलेला हिस्टोन एच३ रंगवणारा प्रतिपिंड-स्टेन.) मुद्देनिहाय पाहू.

‘रंगलं ते विभाजनात.’ नाही. हा प्रतिपिंड हिस्टोन एच३ (डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो ते प्रथिन) याच्या १०व्या सेरिनवरचा फॉस्फेट ओळखतो. तो लावणारं ऑरोरा-बी एन्झाइम जी२च्या (विभाजनाआधीच्या तयारीच्या टप्प्याच्या) अखेरीसच कामाला लागतं. त्यामुळे पेशी विभाजनात शिरण्याआधीच केंद्रकात बारीक ठिपके दिसतात, केंद्रकाची कड शाबूत असते. ते धरायचे नाहीत. गडद, सलग, खडबडीत कडेचा गुणसूत्रांचा गोळा किंवा पट्टा दिसला तरच एक. अ‍ॅनाफेजच्या (गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जातात त्या टप्प्याच्या) दोन समांतर पट्ट्या मिळूनही एकच!

‘सगळ्या गाठीतल्याच पेशी.’ लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशी) आणि केरॅटिनोसाइट (त्वचेच्या नेहमीच्या पेशी) हेही विभागतात. म्हणून जोडस्टेन: पीएचएच३ तपकिरी, पेशीद्रवात रंगपेशींची खूण असलेलं मेलन-ए लाल. मेलॅनिन दाट असेल तर तपकिरीत तपकिरी हरवतं; तिथे पीएचएच३ला एकट्याने लाल क्रोमोजेन (रंग देणारं रसायन) द्यावा.

‘आकडा थेट स्टेजमध्ये.’ हे तर दुहेरी चूक. एजेसीसीच्या (कर्करोगाच्या स्टेज ठरवणाऱ्या अमेरिकी समितीच्या) ७व्या आवृत्तीत चौरस मिलिमीटरला १ मायटोसिस सापडला की पातळ गाठ टी१बी (टी१ या सर्वांत पातळ गटातला वरचा उपगट) होई. २०१८पासून लागू झालेल्या ८व्या आवृत्तीने ते काढलं. टी१ची विभागणी आता ०.८ मिमी जाडी आणि व्रण यांवर होते. मायटोटिक रेट रिपोर्टात लिहायचा, पण एचअँडईवरचा (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्टेनवरचा). पीएचएच३वर आकडा सहसा जास्त येतो, तो त्या रकान्यात बसत नाही. या स्टेनचा खरा उपयोग हॉटस्पॉट, म्हणजे सर्वाधिक मायटोसिसची जागा, दाखवण्याचा. जागा कळली की एचअँडईवर परत या, तिथून सुरू करून लगतची फील्ड्स मोजत १ चौरस मिमी पूर्ण करा. फील्डचा व्यास ०.५ मिमी असेल तर क्षेत्रफळ ०.१९६, म्हणजे साधारण ५ फील्ड्स. सवयीने १० मोजली तर क्षेत्र जवळजवळ दुप्पट होतं.

‘निगेटिव्ह म्हणजे गाठ शांत.’ ऊती टिकवणाऱ्या फॉर्मलिनमध्ये नमुना जायला उशीर झाला तर फॉस्फेट उतरतो आणि स्लाइड कोरी दिसते. तुलनेसाठी सोबत रंगवलेला टॉन्सिलचा कंट्रोल छान रंगला, तरी त्यावरून अभिकर्मक चालले एवढंच कळतं. या ब्लॉकचं (मेणात बसवलेल्या नमुन्याचं) फिक्सेशन, म्हणजे फॉर्मलिनने टिकवणं, नीट झालं का ते नाही. त्यासाठी त्याच सेक्शनमध्ये एपिडर्मिसच्या (त्वचेच्या बाहेरच्या थराच्या) तळथरात किंवा केसाच्या मुळाशी रंगलेला मायटोसिस शोधा. तोही नसेल, तर पीएचएच३च्या भरवशावर ‘शून्य’ लिहू नका.