चौकटीतले आकडे पुसू नका

उडत्या तबकड्यांचा विषय निघाला की भारतातल्या चर्चेत हमखास ऐकू येतं: अमेरिकेनं सगळं उघड केलं, आपलं सरकार मात्र गप्प. अमेरिकेत राहून यातला पहिला भाग पटत नाही. २६ जुलै २०२३ ला इथल्या काँग्रेससमोर हवाई दलाचे माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रुश यांनी सरकारकडे परग्रहावरची यानं असल्याचे खळबळजनक दावे शपथेवर केले, पण खुल्या सुनावणीत पुरावा मांडला नाही.

खरा उपयोग झाला तो पेंटागॉननं (अमेरिकी संरक्षण खात्यानं) एप्रिल २०२० मध्ये अधिकृतपणे दिलेल्या, समुद्रावरून जाणारी अनोळखी वस्तू लढाऊ विमानातून टिपलेल्या ‘गो फास्ट’ चित्रफितीचा, कारण तिच्यातले आकडे पुसलेले नव्हते. विमानाची उंची २५,००० फूट, कॅमेऱ्याचा रोख खाली २६ अंश, वस्तूचं अंतर ४.४ सागरी मैल, म्हणजे सुमारे २६,७०० फूट. त्याला २६ अंशांच्या साइननं (०.४४) गुणलं की वस्तू विमानाच्या साधारण ११,७०० फूट खाली निघते. म्हणजे समुद्रापासून १३,००० फूट वर! ती लाटांना चाटून सुसाट जातेय असं वाटतं, कारण धावतं असतं ते विमान, आणि अरुंद चौकटीत मागचा समुद्र झरझर सरकतो. नासाच्या अभ्यासगटानं तिचा वेग काढला तो ताशी सुमारे ४० मैल.

आपल्याकडेही हे जमलेलं आहे. लडाखच्या सीमेवर २०१२-१३ मध्ये लष्कर ज्या प्रकाशगोलांच्या नोंदी करत होतं, ते गुरू आणि शुक्र असल्याचं भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ओळखलं. इंफाळचं मात्र तसं झालं नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला आकाशात अनोळखी वस्तू दिसल्यानं तिथला विमानतळ काही तास बंद राहिला. हवाई दलानं सांगितलं ते इतकंच, की हवाई संरक्षण यंत्रणा सक्रिय केली आणि ती छोटी वस्तू नंतर दिसली नाही.

माहिती अधिकारात ‘सगळी फाइल द्या’ असा अर्ज केला, तर कलम ८(१)(अ) खाली सुरक्षेचं कारण देऊन तो फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त. रडारची क्षमता लपवणं मला रास्तही वाटतं. म्हणून मागणी नेमकी हवी: वेळ, निरीक्षकाची जागा, दिशा, क्षितिजापासूनचा कोन, आणि अंतर मोजलेलं की अंदाजाचं. कलम १० नुसार गोपनीय भाग वगळून उरलेली माहिती देता येते. डीआरडीओ (संरक्षण संशोधन संस्था) आणि आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) यांना कलम २४ नुसार या कायद्यातून सूट आहे. हवाई दल त्या यादीत नाही.