एकतीसशे चाळीस डॉलर

गेल्या रविवारी सकाळी फ्लोरिडातल्या एका बंदरावर मी पंचावन्न मिनिटे निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होतो आणि ती पंचावन्न मिनिटे मला अजूनही पचलेली नाहीत. त्याआधीचे सात दिवस कॅरिबियन समुद्रात उत्तम गेले होते. परंतु समुद्र, सूर्यास्त आणि मध्यरात्रीचा पिझ्झा यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून ते त्यांच्यावर सोपवतो.

आमची खरेदी अशी : नासाऊहून फ्रिजवर चिकटवायचे एक कासव आणि सेंट थॉमस बेटावरच्या शार्लट अमाली या गावातून पोपटांची नक्षी असलेला एक टेबलक्लॉथ व मिरचीच्या सॉसच्या दोन बाटल्या. एकूण साठ डॉलर. पावत्या अर्थातच सौभाग्यवतींच्या पर्समध्ये होत्या, कारण लग्नातल्या मिक्सरची पावतीसुद्धा तिने अद्याप टाकलेली नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला परदेशातून परतताना साधारणपणे 800 डॉलरपर्यंतचा माल करमुक्त आणता येतो. सेंट थॉमससारख्या बेटावर खरेदी केली असेल, तर हीच सवलत 1600 डॉलर होते. हे बेट अमेरिकेचेच आहे, पण तिच्या जकातीच्या हद्दीत मोडत नाही. त्यामुळे स्वतःच्याच घराच्या ओसरीवरून माजघरात येताना हातात काय आहे ते सांगावे लागते. डेन्मार्ककडून हे आणि शेजारची बेटे अमेरिकेने 1917 साली अडीच कोटी डॉलरचे सोने मोजून विकत घेतली. एवढी मोठी खरेदी त्यांनी कोणत्या खिडकीवर जाहीर केली असेल, असा विचार करत मी कस्टम्सच्या रांगेत उभा होतो, तोच मागून आवाज आला, "मराठी वाटतं?"

गुडघ्यापर्यंतची चड्डी, कमरेला पाऊच आणि डोक्यावर जहाजावर फुकट मिळालेली टोपी अशा थाटात एक काका उभे होते. शेजारी काकू होत्या. काका 1984 साली ओहायोत आले, ही माहिती मला पहिल्याच मिनिटात मिळाली आणि दुसऱ्या मिनिटाला त्यांनी विचारले, "काय काय घेतलंत?"

मी यादी सांगितली.

"एकूण?"

"साठ डॉलर."

"दोघांत मिळून?" काकांचा चेहरा एक्स-रे उजेडात धरून पाहणाऱ्या डॉक्टरसारखा झाला. "म्हणजे बत्तीसशेतून साठ वजा. एकतीसशे चाळीस! अहो, वाया चाललेत हे तुमचे!"

जे पैसे माझ्याकडे कधी नव्हतेच, ते वाया कसे जातील, असे मी विचारले. त्यावर पंगतीत जिलबीला नको म्हणणाऱ्या जावयाकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आमची खरेदी छत्तीसशेची झाली. सगळी सेंट थॉमसचीच. जावयाचं घड्याळ आणि हिच्या कुड्या. चारशे वर जातायत. तुमच्यातले चारशे आम्हाला द्या, म्हणजे झालं."

"कसे देऊ?"

"चारशेच्याच कुड्या आहेत. वहिनींनी कानात घालायच्या आणि बाहेर गेल्यावर काढून द्यायच्या. आहे काय त्यात?"

"अहो, पुरे," काकू म्हणाल्या. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द त्यांनी किती वेळा उच्चारले असतील, ते त्या स्वरावरूनच कळत होते.

"अधिकाऱ्याला खोटं सांगायचं का?" मी म्हणालो.

"खोटं कसलं? कुड्या वहिनींच्या कानात असतील, तर त्या वहिनींच्याच. ज्याचा ताबा त्याची मालकी. गिरगावातल्या भाडेकरूंनी हे कधीच सिद्ध केलंय."

"मला कुड्या शोभत नाहीत," सौभाग्यवती शांतपणे म्हणाली आणि विषय संपला, असे मला वाटले. काकाही नाराज होऊन गप्प झाले. पण मग त्यांच्या बुटाची नाडी सुटली.

"जरा ही पिशवी धरता का?"

वडीलधाऱ्या माणसाने पिशवी पुढे केली की आपला हात आपोआप पुढे जातो. लहानपणी खाल्लेल्या धपाट्यांचा तो परिणाम असतो. मी पिशवी धरली आणि त्याच क्षणी खिडकीवरून माझा पुकारा झाला. हे सगळे सामान तुमचेच का, असे अधिकाऱ्याने विचारले आणि मी प्रामाणिकपणे सांगितले की, ही पिशवी मागच्या गृहस्थांची आहे, मी फक्त धरली आहे. कुठल्याही एसटी स्थानकावर हे वाक्य सज्जनपणाचे लक्षण ठरते. कस्टम्सच्या खिडकीवर याहून वाईट वाक्य मला तरी सुचत नाही.

काकांना पुढे बोलावण्यात आले. यांना तुम्ही ओळखता का, या प्रश्नावर त्यांनी "आत्ताच भेटले" असे सांगितले, जे शब्दशः खरे होते. त्यांनी पिशवी ताब्यात घेतली, सगळ्या पावत्या दाखवल्या, कर भरला आणि दहा मिनिटांत ते मोकळे झाले. मी मात्र आणखी कोणाकोणाचे सामान आणले आहे, याचा छडा लागायचा होता. स्टीलच्या टेबलावर आमचा टेबलक्लॉथ पसरला गेला. हातमोजे घातलेल्या अधिकाऱ्याने त्याची शिवण बोटाने चाचपत चारही कडा पालथ्या घातल्या, सॉसच्या बाटल्या उजेडाकडे धरून हलवल्या आणि कासवाच्या पोटाखालचे चुंबक सोलून पाहिले. मग आम्हाला खुर्च्या दाखवण्यात आल्या.

तिथे बसून मी हिशेब केला. त्या बेटांवरून आणलेल्या जास्तीच्या मालावर दीड टक्का कर लागतो. चारशेवर दीड टक्का म्हणजे सहा डॉलर. जहाजावर एक कॉफी आणि तिच्यावरची बक्षिसी एवढ्यात येते! साठ डॉलरची पै न् पै पावतीसह सांगायला निघालेल्या माणसाचे विमान त्या सहा डॉलरपायी हुकले. बदललेल्या तिकिटांचे दोनशे ऐंशी डॉलर माझे गेले आणि "हॅव अ नाइस डे" यापलीकडे कोणी चकार शब्द काढला नाही. चुंबकही पुन्हा नीट बसले नाही. ते कासव आता फ्रिजवरून रोज खाली पडते.

बाहेर आलो, तर काका-काकू टॅक्सीची वाट पाहत उभे होते. काकांनी मला पाहिले आणि हात हलवला.

"सुटलात ना? बरं झालं. पण तुमच्यामुळे मला सहा डॉलर बसले हो."