थेट खात्यात

हप्ता सुटला की आमच्या गावात दोन पार्ट्या पडतात. 'आला'वाले आणि 'नाही आला'वाले. मी निष्ठेनं दुसऱ्या पार्टीत आहे.

हिशेब तसा सोपा. केंद्राकडून शेतकऱ्याला पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. २०२३ मध्ये राज्यानं 'नमो शेतकरी'तून आणखी ६,००० घातले. झाले बारा हजार. एवढा हिशेब आमच्या खतवाल्याला माझ्याआधी पाठ झाला, हप्त्याची तारीखही तोच सांगतो. पैसे थेट खात्यात, मध्ये कुणी नाही. ते थेट यावेत म्हणून मी मात्र सगळ्यांकडे जातो.

आधी सातबारा, आधार आणि बँक यांची पत्रिका जुळावी लागते. सातबाऱ्यावर मी दत्तू. आधारवर दत्तात्रय. पासबुकात इंग्रजी स्पेलिंगच्या कृपेनं दत्तत्राय. तलाठी भाऊसाहेबांपुढे तिन्ही कागद मांडले, तर ते चष्मा वर करून म्हणाले, "दत्ताचंच नाव, तीन तोंडं असायचीच." विनोद चांगला होता. दुरुस्तीला अर्ज करा म्हणाले, तो विनोद नव्हता.

मग ई-केवायसी, म्हणजे मीच तो मी हे मशीनला पटवणं. सेवा केंद्रातल्या पोरानं मशीन पुढं सरकवलं.

"काका, अंगठा पुसा."

पुसला.

"जरा तेल लावा."

लावलं.

"दुसरं बोट द्या."

दहाही बोटं देऊन झाली. खुरप्यानं आणि युरियानं रेषाच शिल्लक ठेवल्या नाहीत, त्याला मशीन काय करणार? गंमत बघा. योजनेच्या निकषात डॉक्टर, इंजिनिअर, वकील, सीए, आयकर भरणारे, सगळे वगळलेत. योग्यच आहे ते. उरले राबणारे अंगठे, आणि मशीनला नेमका वकिलाचा अंगठा लागतो.

ओटीपीचाही मार्ग आहे. पण आधारला जोडलेला नंबर थोरल्याच्या जुन्या सिमचा, आणि ते सिम कुठल्या विहिरीत आहे हे त्यालाही आठवत नाही. शेवटी ॲपमध्ये चेहरा दाखवायचं ठरलं. ओसरीवर उजेड बघून बसलो. पोरगा म्हणाला, "डोळे मिचकवा." मिचकवले. "अजून एकदा." बायको भाकरी टाकायची थांबून बाहेर आली. "अहो, या वयात कुणाला डोळे मारताय?" म्हटलं, केंद्र सरकारला.

चेहरा पटला. स्टेटसला जमीन, केवायसी आणि बँक, तिन्ही ठिकाणी 'यस' आलं. पुढचा हप्ता जमा झाल्याचंही दिसलं. माझ्या पासबुकात मात्र खडखडाट. बँकेतल्या मॅडमनी उलगडा केला: पैसे जातात आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात, आणि तुमचं ते खातं आमच्याकडे नाही. मग कुठे? जनधनच्या धामधुमीत शाळेच्या पटांगणात टेबल टाकून कुणीतरी एक खातं उघडून दिलं होतं, त्यात! म्हणजे सरकार म्हणतं पाठवले, संगणक म्हणतो पोचले, मी म्हणतो मिळाले नाहीत, आणि तिघांपैकी एकही खोटं बोलत नाही. त्या बँकेत गेलो तर खातं व्यवहाराअभावी झोपलेलं. ते उठवायला काय लागतं? केवायसी. कुठली? परत अंगठ्याची. तिथल्या मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे बघून कागदावर सह्या घेतल्या आणि भागवलं. त्या माणसाला ऊस तोडणीला आला की पहिली मोळी नेऊन देणार आहे.

पैसे हातात आले तसे खतवाल्याच्या हातात गेले. हा व्यवहार मात्र खरोखर थेट.

लगेच सेवा केंद्रातल्या पोराचा फोन. "काका, आता योजनांना फार्मर आयडी लागतो. आधार आणि सातबारा घेऊन या." गेलो. त्यानं नोंदणी उघडली, दोन्हीकडची नावं समोरासमोर आली आणि शेजारी एक आकडा.

"हे काय रे?"

"आधारवरचं नाव सातबाऱ्याशी किती जुळतं, ते."

"मग मी किती टक्के जुळतो?"

"६२."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "जास्तच दाखवतंय."