रिव्ह्यूला उत्तर: १६५ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर का अडकला

नमस्कार,

तुमचा एक तारा आणि त्याखालचा मजकूर वाचला, सोबतचे दोन्ही फोटो आणि स्क्रीनशॉटही नीट पाहिले. तक्रारी चार आहेत. २७ इंची, २५६० × १४४० चा मॉनिटर १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा पडदा रंगवणारा, म्हणून घेतला, पण तो ६० वरच चालला. केबल काढून परत घातल्यावर १४४ मिळाले, १६५ मात्र यादीतच नाहीत. स्वतःचा मोड, म्हणजे कस्टम रिझोल्यूशन, बनवून १८० करून पाहिले तर स्क्रीन काळी पडली. आणि १४४ वरही गेम स्मूद वाटत नाही, हलणाऱ्या वस्तूंमागे पांढरट शेपूट दिसतं. शेवटी तुम्ही लिहिलंय की जुनं ६० चं पॅनेल नव्या खोक्यात घालून विकलंय.

यात एक चूक सरळसरळ आमची आहे, ती आधी सांगतो. विक्रीच्या पानावर १६५ हा आकडा ठळक होता, पण १६५ फक्त डिस्प्लेपोर्टवर मिळतात आणि एचडीएमआयवर (मॉनिटर जोडायचे हे दोन वेगळे पोर्ट) मर्यादा १४४ ची आहे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. वर खोक्यात केबल दिली ती एचडीएमआयची. म्हणजे आम्ही दिलेलीच केबल लावणाऱ्याला १६५ दिसणं शक्यच नव्हतं. तुमचा राग इथे रास्त आहे. पानावर दोन्ही आकडे आता वेगवेगळे लिहिले आहेत आणि तुम्हाला दोन मीटरची डिस्प्लेपोर्ट केबल आमच्या खर्चाने पाठवतो आहोत.

पॅनेल जुनं असल्याचा आरोप मात्र मान्य नाही. ६० चं पॅनेल १४४ चा सिग्नल सहसा घेतच नाही, 'आउट ऑफ रेंज' दाखवतं. तुमच्याकडे १४४ व्यवस्थित चालले. मग आधी ६० का होते, ते तुमच्याच फोटोंत दिसतंय.

पहिल्या फोटोत एचडीएमआयची केबल यूएसबी आणि हेडफोनच्या भोकांच्या रांगेत लावलेली आहे. ते पोर्ट मदरबोर्डचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाचे. दुसऱ्या फोटोत तीच केबल खाली, आडव्या पट्टीत आहे. तो पोर्ट ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे गेमची चित्रं बनवणाऱ्या वेगळ्या कार्डाचा. तुम्हाला वाटलं केबल सैल होती आणि काढून घातल्यावर नीट बसली. प्रत्यक्षात तुम्ही पोर्टच बदललात. मदरबोर्डच्या पोर्टवर चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडून बाहेर पडतं, आणि बऱ्याच बोर्डांवर तो पोर्ट एचडीएमआय १.४ चा असतो. त्यातून प्रत्यक्ष चित्रासाठी सेकंदाला ८.१६ गिगाबिट जातात. २५६० × १४४० ला ६० हर्ट्झवर नुसत्या पिक्सेलांचे ५.३ गिगाबिट लागतात, ते बसतात. १४४ ला १२.७ लागतात, ते बसत नाहीत. जो मोड बसत नाही तो विंडोज यादीत दाखवतच नाही, त्यामुळे माणूस सेटिंगमध्ये कितीही शोधत बसला तरी हाती काही लागत नाही. तुमच्या स्क्रीनशॉटमधले ५९.९५ हर्ट्झ हेही बिघाडाचं लक्षण नाही. या रिझोल्यूशनचं ठरलेलं टायमिंगच तेवढं येतं.

हाच हिशोब पुढे नेला की १६५ चं कोडंही सुटतं. मॉनिटरचे एचडीएमआय पोर्ट २.० चे आहेत आणि त्यांतून चित्रासाठी १४.४ गिगाबिट मिळतात. २५६० गुणिले १४४० गुणिले १६५ गुणिले २४ बिट केलं की १४.६ गिगाबिट होतात, शिवाय दोन फ्रेमांमधल्या (फ्रेम म्हणजे एक चित्र) रिकाम्या वेळेचा भार वेगळा. थोडक्यासाठी हुकतं, पण हुकतंच. इथे महागडी एचडीएमआय केबल घेऊनही फरक पडणार नाही, कारण मर्यादा पोर्टची आहे. डिस्प्लेपोर्ट १.४ मधून २५.९ गिगाबिट जातात, तिथे १६५ आरामात बसतात.

केबल हाती आल्यावर कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही बंद करा. केबलचं एक टोक मॉनिटरला लावा, दुसरं ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे दुसऱ्या फोटोतल्या आडव्या पट्टीत. डिस्प्लेपोर्टच्या प्लगचा एक कोपरा तिरका कापलेला असतो, तो जुळवूनच घाला. बऱ्याच प्लगना वर छोटं बटण असतं, ते खटक्याचं. काढताना ते दाबल्याशिवाय ओढू नका, नाहीतर पोर्टच उखडू शकतो. मधे कन्व्हर्टर, हब किंवा स्विच ठेवू नका. केबल वेगळी घेणार असाल तर अधिकृत प्रमाणपत्राची घ्या. हलक्या केबलींत विसाव्या पिनची तार जोडलेली असते. ती जोडायची नसते, कारण तिच्यातून मॉनिटरचा वीजप्रवाह कार्डात उलटा शिरतो आणि कधीकधी कॉम्प्युटर सुरूच होत नाही.

मग मॉनिटरच्या मेनूत इनपुट डिस्प्लेपोर्ट करा. त्याच मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडायची एक ओळ आहे, ती १.४ वर हवी. जुन्या कार्डांसाठी तिथे १.१ चाही पर्याय दिलेला आहे, आणि चुकून तो निवडला गेला तर फक्त ८.६४ गिगाबिट मिळतात, म्हणजे यादी पुन्हा ६० च्या आसपास येऊन थांबते.

विंडोज ११ मध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. दोन मॉनिटर असतील तर वरच्या यादीतून आधी हा मॉनिटर निवडा. तिथे रिफ्रेश रेटसमोर १६५ निवडा आणि 'कीप चेंजेस' दाबा. १५ सेकंदांत दाबलं नाही तर जुना दर परत येतो. एवढ्यावर थांबू नका, त्याच पानावरची 'ॲक्टिव्ह सिग्नल मोड' ही ओळ वाचा. मॉनिटरकडे खरोखर जातोय तो सिग्नल तिथे दिसतो. तिथे २५६० × १४४० आणि १६५ हवेत. कलर फॉरमॅट आरजीबी हवा. तिथे वायसीबीसीआर ४२० असेल तर रंगाची माहिती छाटून जातेय, आणि लाल किंवा निळ्या बारीक अक्षरांच्या कडा पुसट दिसतील.

डिस्प्लेपोर्ट लावूनही १६५ दिसत नसतील तर ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं नाव असेल, तर कार्डाचा खरा ड्रायव्हर चढलेलाच नाही. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर आणखी एक खोडी. त्यांच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'चेंज रिझोल्यूशन'खाली दोन याद्या असतात. वरची टीव्हीच्या रिझोल्यूशनांची, खालची 'पीसी' अशा मथळ्याची. वरच्या यादीतला पर्याय निवडला की मोठे दर गायब होतात, म्हणून खाली जाऊन पीसीखालचं २५६० × १४४० निवडा.

आता काळी पडलेली स्क्रीन. १८० ला पिक्सेलांचेच १५.९ गिगाबिट लागतात आणि तुम्ही ते एचडीएमआय २.० वरून पाठवायला गेलात. ड्रायव्हरने तो मोड बनवू दिला तरी तारेतून तो नीट जाणार नव्हता. मॉनिटरला यात काही झालेलं नाही, सिग्नल न समजल्याने तो गप्प बसला. पुन्हा असं झालं तर १५ सेकंद हात लावू नका, बहुतेक वेळा जुना दर आपोआप येतो. नाही आला तर कार्डाच्या दुसऱ्या पोर्टला टीव्ही किंवा दुसरा मॉनिटर लावा आणि त्यावरून तो कस्टम मोड पुसून टाका.

ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरलेल्या दराच्या वर चालवणं, करूच नका असं म्हणणार नाही, पण आमची वॉरंटी १६५ पर्यंतच्या दराची आहे. करायचंच असेल तर डिस्प्लेपोर्टवर करा, टायमिंग 'सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँक' ठेवा (यात फ्रेमांमधला रिकामा वेळ कमी असतो) आणि एका वेळी पाचच हर्ट्झ वाढवा. १७०, थांबा, तपासा, मग १७५. चमकते ठिपके, लुकलुकणं किंवा रंग फिके पडणं दिसलं तर मागे या. सगळ्यात फसवी खोट डोळ्यांना दिसत नाही: मॉनिटर १७५ दाखवतो आणि मधल्या फ्रेमा गुपचूप गाळतो. ती अशी पकडायची. फ्रेम स्किपिंगची चाचणी ब्राउझरमध्ये चालते, चौकटींच्या जाळीत एक पांढरा चौकोन दर फ्रेमला एक घर पुढे सरकतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटर १/१० सेकंदावर ठेवून, हात न हलवता फोटो काढा. १६५ वर त्या फोटोत सलग सोळा-सतरा चौकोन उजळलेले दिसले पाहिजेत. मधे एखादं घर काळं राहिलं तर तेवढ्या फ्रेमा गळल्या. तसं असेल तर वाढवलेल्या हर्ट्झचा काही उपयोग नाही, उलट हालचाल जास्त अडखळते.

पांढरट शेपटाचं कारण ओव्हरड्राइव्ह. तुम्ही सांगितलेलं लक्षण पाहता मॉनिटरच्या मेनूत ओव्हरड्राइव्ह 'एक्स्ट्रीम'वर असावं. पिक्सेलने रंग लवकर बदलावा म्हणून मॉनिटर त्याला गरजेपेक्षा जास्त धक्का देतो. धक्का फार झाला की पिक्सेल ठरलेल्या रंगाच्या पलीकडे जाऊन परत येतो, आणि वस्तूमागे उलट रंगाची छटा उमटते. ते 'नॉर्मल' किंवा मधल्या पायरीवर आणा. इथेही कबूल करायला हवं: खोक्यावरचे १ मिलिसेकंद (पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ) त्या टोकाच्या पायरीवरच मोजलेले आहेत आणि ती पायरी रोज वापरण्याजोगी नाही. आकडा खोटा नाही, पण त्याच्या भरवशावर मॉनिटर घेऊ नये असं आमचंही मत आहे. गेमचे फ्रेम कमी झाले की हा दोष वाढतो, कारण धक्का वरच्या दराच्या हिशोबाने बसवलेला असतो.

राहिला गेम. ६० हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १४४ वर ६.९ नी आणि १६५ वर ६.१ नी. मॉनिटर १६५ वेळा पडदा रंगवतो, पण कार्ड सेकंदाला ७० च चित्रं बनवत असेल तर नवी चित्रं ७० च दिसणार. गेममध्ये फ्रेमचा आकडा दाखवायची सोय चालू करा. तो ६० ला चिकटलेला असेल तर गेमच्याच सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा किंवा फुलस्क्रीनचा वेगळा रिफ्रेश रेट ६० वर राहिलाय. आकडा खालीवर होत असेल तर मॉनिटरच्या मेनूत अडॅप्टिव्ह सिंक चालू करा, कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये जी-सिंक किंवा फ्रीसिंक चालू करा आणि फ्रेमची मर्यादा १६२ ठेवा. कमाल दराच्या दोन-तीन फ्रेम खाली राहिलं की मॉनिटर कार्डाच्या तालावर चालतो आणि चित्र फाटत नाही. ६० वरून १४४ ला गेल्यावरचा फरक माउस हलवताच कळतो. १४४ वरून १६५ ला मिळतात सुमारे ०.९ मिलिसेकंद, तो फरक बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. पैसे १६५ चे दिलेत, तेव्हा १६५ मिळायलाच हवेत, पण गेम अडखळण्याचं कारण ते २१ हर्ट्झ नाहीत.

जाता जाता एक. काही कार्डांची मेमरी १६५ वर नुसता डेस्कटॉप असतानाही पूर्ण वेगाने चालत राहते आणि पंखा ऐकू येतो. तसं झालं तर कामाच्या वेळी १२० ठेवा. सिनेमे २४ फ्रेमचे असतात, १२० ला तो भाग नेमका जातो, म्हणून तेही ६० पेक्षा सरळ दिसतात.

हे सगळं करूनही डिस्प्लेपोर्टवर १६५ दिसले नाहीत तर ॲडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट आणि कॉम्प्युटरच्या मागचा फोटो ऑर्डरच्या चॅटमध्ये टाका. मॉनिटर बदलून हवा की पैसे परत, ते तुम्ही ठरवा. नेण्या-आणण्याचा खर्च आमचा.