हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

२८ सप्टेंबर २०२५. मायामीत आपला न्यूयॉर्कचा बेसबॉल संघ, मेट्स, ४-० असा हरला आणि वर्षाचं खातं बंद झालं. सिनसिनाटीचे ८३ विजय, आपलेही ८३. पण आपसातल्या सामन्यांत ते सरस, म्हणून ते प्लेऑफला गेले आणि आपण घरी बसलो. जूनच्या मध्यावर हाच संघ अख्ख्या लीगमध्ये पहिला होता. भाबडी माणसं त्या दिवशी हळहळली. तुम्ही हळहळू नका. चाहत्याचा खरा हंगाम हरल्यावर सुरू होतो आणि मार्चअखेरपर्यंत चालतो. या हंगामात खेळ नसतो, हीच त्यातली मोठी सोय. बॅट नाही, चेंडू नाही. उरतो तो फक्त पैसा, आणि तोही दुसऱ्याचा.

अमेरिकेत याला ‘हॉट स्टोव्ह’ म्हणतात. पूर्वी थंडीत लोक दुकानातल्या शेगडीभोवती बसून पुढच्या वर्षी कोण कुठे खेळणार यावर बोलत, त्यावरून. आपल्याकडे शेकोटी होती, पार होता, त्यामुळे हे काम तुम्हाला शिकवावं लागणार नाही. तुम्ही एडिसनला राहत असा, नाहीतर फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळातल्या कॅन्टीनमध्ये डोसा संपवून मित्राची वाट बघत असा, लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याचं शिक्षण घरूनच झालेलं आहे. फक्त पीठ बदलायचं.

सुरुवात सर्वनामांपासून करा. या बाबतीत आपली भाषा इंग्रजीच्या फार पुढे आहे. त्या बिचाऱ्यांकडे एकच ‘वी’. आपल्याकडे ‘आपण’ आहे, ‘आम्ही’ आहे आणि वेळ पडली तर ‘ते लोक’ आहेत. करार चांगला झाला की ‘आपण सोटोला घेतलं’. समोर यँकीजवाला, म्हणजे शहरातल्या दुसऱ्या संघाचा माणूस, असेल तर ‘आम्ही घेतलं, तुम्हाला जमलं नाही’. तोच खेळाडू मे महिन्यात अडखळू लागला की ‘त्या लोकांनी कशाला एवढे पैसे ओतले कोण जाणे’. एकाच माणसाचा एकच करार तीन सर्वनामांत चालवता आला पाहिजे.

मग पैसा. घरात हीटर ६८ फॅरनहाइटच्या वर गेला तर तुम्ही उठून खाली करता आणि वर मुलांना स्वेटर घालायला सांगता. किराणा दुकानात कोथिंबिरीच्या तीन जुड्या स्वस्त म्हणून तीन आणता आणि दोन टाकून देता. हा हिशेबीपणा उंबऱ्याच्या आतच ठेवा. बाहेर पडलात की स्टीव्ह कोहेन यांचा पैसा हा आपला वडिलोपार्जित ठेवा समजून बोलायचं. त्यांनी २०२० मध्ये सुमारे २४० कोटी डॉलर देऊन हा क्लब घेतला. तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, ही चूक आता दर हिवाळ्यात दुरुस्त करायची आहे.

एक सावधगिरी: क्लबचा ताळेबंद मागू नका. बहुतेक मालक तो दाखवतही नाहीत. अटलांटा ब्रेव्ह्ज शेअर बाजारात असल्याने त्यांना आकडे छापावे लागतात, पण ते वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ताळेबंद हाती आला की वाद संपतो, आणि वाद संपला तर डिसेंबरच्या लांबलचक संध्याकाळी करायचं काय?

ज्यांना फ्री एजंट म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी एका दमात: मोठ्या लीगमध्ये सहा वर्षं काढली आणि करार संपला की खेळाडू मोकळा; कुठल्याही संघाशी बोलणी करू शकतो. म्हणजे हे लग्नाचंच. स्थळं येतात, मध्यस्थ असतात (स्कॉट बोरास हे त्यातले सगळ्यांत नावाजलेले), याद्या होतात, आणि शेवटी मोडतं ते मानपानावरून. २०२४ च्या डिसेंबरात हुआन सोटोसाठी यँकीजनी १६ वर्षांचे ७६ कोटी डॉलर देऊ केल्याच्या बातम्या होत्या. मेट्सनी १५ वर्षांचे ७६ कोटी ५० लाख दिले. शिवाय बातम्यांत असंही आलं, की मुलाच्या घरच्यांना स्टेडियममध्ये स्वतंत्र कक्ष हवा होता. मेट्स म्हणाले, घ्या. यँकीज म्हणाले, आमच्याकडे थोरामोठ्यांनीही पैसे भरलेत. पंगतीत व्याह्यांना पाट कुठे मांडला यावरून मोडलेली लग्नं पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. पण तुम्ही नवल दाखवायचं आहे. ‘पैशापुढे या पोरांना काही दिसत नाही,’ असं म्हणायचं आणि दोन वाक्यांनंतर ‘आणखी एक कोटी वर टाकायला काय हरकत होती’ असंही म्हणायचं. दोन्ही एकाच चहात बसतं.

आकडा रुपयांत सांगितलात तर घरच्या मंडळींवर जास्त परिणाम होतो. तेव्हाच्या भावाने ते जवळजवळ साडेसहा हजार कोटी रुपये. त्याच्या दोनच आठवडे आधी जेद्दाहच्या लिलावात ऋषभ पंत २७ कोटींना गेला तेव्हा आपल्या काकांना घेरी आली होती. तिथे एका संघाची अख्खी पिशवी १२० कोटींची. सोटोच्या एका वर्षाच्या पगारात आयपीएलचे साडेतीन संघ उभे राहतात. हे काकांना फोनवर सांगू नका, समोर पाणी घेऊन सांगा.

आणि ‘पंधरा वर्षं! २०३९ मध्ये तो चाळिशीचा असेल, पळेल तरी का?’ हे वाक्य घोळवून म्हणायला शिका. तुमच्या स्वतःच्या घराचं कर्ज तीस वर्षांचं आहे आणि ते फिटेल तेव्हा तुम्ही कितीचे असाल, हा वेगळा विषय आहे. तो बायकोने काढला तर उठून बर्फ साफ करायला जा.

वादात खिशात दाखले हवेत. करार नको असेल तर वॉशिंग्टनचा स्टीफन स्ट्रासबर्ग काढा: २०१९ च्या डिसेंबरात सात वर्षांचे साडेचोवीस कोटी डॉलर, आणि त्या करारात तो एकूण आठ सामन्यांत चेंडू टाकू शकला. त्याच आठवड्यात त्याचाच सहकारी अँथनी रेंडन अगदी तेवढ्याच वर्षांसाठी, तेवढ्याच रकमेला एंजल्सकडे गेला आणि मग बहुतेक दवाखान्यातच राहिला. एवढा जुळलेला जोड दाखला कुठल्याच शास्त्रात मिळत नाही. उलट करार हवा असेल तर त्याच वॉशिंग्टनचा मॅक्स शर्झर आहे. २०१५ मध्ये सात वर्षांचे २१ कोटी, त्यात दोनदा सर्वोत्तम गोलंदाजाचा साय यंग पुरस्कार आणि २०१९ चं विजेतेपद. दोन्ही खिसे भरलेले असले की मत बनवायची गरज उरत नाही. समोरचा काय म्हणतो ते बघून हात घालायचा.

आता परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, बॉबी बोनिला. २००० मध्ये मेट्सना तो नको होता, पण त्याचे ५९ लाख डॉलर देणं होतं. तेव्हाचे मालक म्हणाले, आत्ता नको, नंतर देऊ, आठ टक्के व्याजाने. म्हणून २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला त्याला ११ लाख ९३ हजार २४८ डॉलर जातात. मालकांचा पैसा तेव्हा बर्नी मेडॉफकडे होता आणि तिथे याहून जास्त सुटेल असा त्यांचा हिशेब होता. मेडॉफ पुढे गुंतवणुकीतला महाठग निघाला, हे जगाला माहीत आहे. या गोष्टीवर दर १ जुलैला खो-खो हसायचं. हसताना ‘ते लोक’ हे सर्वनाम वापरायला विसरू नका.

पण २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी शोहेई ओहतानीला दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर कबूल केले आणि त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात द्यायचे ठरवले, तेव्हा चेहरा गंभीर करा. वर्षाला २० लाख आत्ता, बाकीचे मागाहून, तेही बिनव्याजी. याला उधारी म्हणायचं नाही. याला दूरदृष्टी म्हणायचं. किराणावाल्याच्या वहीत गरिबाच्या नावापुढे जे लिहिलं जातं ते थकबाकी, आणि बंगल्यातल्या साहेबांच्या नावापुढे तेच लिहिलं तर ‘हिशेब चालू आहे’. बोनिलाचा करार मूर्खपणा का, तर मेट्स पुढे जिंकले नाहीत. ओहतानीचा शहाणपणा का, तर डॉजर्स २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोनदा जिंकले. अर्थशास्त्र एवढंच आहे. मी कॉलेजात दोन वर्षं ते शिकायला घालवली, ती उगाच.

बातम्यांच्या बाबतीत मात्र धीर धरू नका. धीर धरणारा माणूस मागे पडतो. ८ डिसेंबर २०२३ ला ओहतानी टोरंटोला निघाल्याची बातमी आली आणि कॅलिफोर्नियातून निघालेल्या एका खाजगी विमानाचा ठिपका हजारो माणसं पडद्यावर बघत बसली. मीही होतो त्यात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, मांडीवर फोन ठेवून. विमान उतरलं. आतून निघाले रॉबर्ट हर्जावेक, टीव्हीवर ओळखीचे असलेले कॅनडाचे उद्योगपती. दुसऱ्या दिवशी ओहतानी डॉजर्सचा झाला. त्याच्या आदल्या वर्षी एका नामवंत बातमीदाराने यँकीजचा ॲरन जज सॅन फ्रान्सिस्कोला चालल्याचं कळवलं, घाईत ‘ॲरन’चं ‘आर्सन’ केलं, म्हणजे न्यायाधीशाचा जाळपोळ्या झाला. आणि जज गेलाच नाही, ३६ कोटींवर यँकीजकडेच राहिला. यातून जो शहाणा होईल तो या खेळाच्या लायकीचा नाही.

सगळ्यांत रंगतदार प्रकरण कार्लोस कोरेयाचं. २०२२ चा डिसेंबर. सॅन फ्रान्सिस्कोशी १३ वर्षं, ३५ कोटी. पत्रकार परिषदेच्या दिवशीच ती रद्द, कारण डॉक्टरांना त्याचा पाय आवडला नाही. मध्यरात्री बातमी: मेट्सनी १२ वर्षांचे साडेएकतीस कोटी ठरवले. आपल्यात दिवाळी. ‘तिकडच्या डॉक्टरांना काही कळत नाही’ हे तेव्हाचं अधिकृत मत. मग आपल्या डॉक्टरांनीही तोच पाय पाहिला. उजवा पाय, २०१४ मधलं ऑपरेशन. दोन आठवड्यांत आयटीतले, बँकेतले, स्कूलबस चालवणारे असे सगळे अस्थिरोगतज्ज्ञ झाले. घोट्याजवळच्या धातूच्या पट्टीचं आयुष्य किती, यावर एका हळदीकुंकवाला मी दोन पुरुषांना भांडताना पाहिलं. वाण तसंच राहिलं. शेवटी तो मिनेसोटाला सहा वर्षांच्या २० कोटींवर गेला आणि ‘बरं झालं, सुटलो’ हे मत एका रात्रीत अधिकृत झालं. त्याच्याशिवायही मेट्सनी पुढच्या हंगामात दहा कोटी डॉलरच्या वर लक्झरी टॅक्स भरला आणि ८७ सामने हरले. हा कर ठरावीक मर्यादेपलीकडे पगार वाटला की बसतो. वर्षानुवर्षं सगळ्यांत वरच्या पायरीवर बसलेल्या मालकाला वरच्या प्रत्येक डॉलरमागे एक डॉलर दहा सेंट आणखी मोजावे लागतात. तुमच्या बोलण्यात हा कर येऊ देऊ नका. उत्साहावर विरजण पडतं.

मग भावना. पीट अलोन्सो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो मेट्सच्या इतिहासात सर्वाधिक होमरन मारणारा झाला. वर्षभर तुम्ही काय म्हणत होता आठवा: ‘पहिल्या बेसवर त्याला चेंडू धड अडवता येत नाही.’ डिसेंबरात तो पाच वर्षांच्या साडेपंधरा कोटींवर बाल्टिमोरला गेला, तेव्हा लगेच कंठ दाटून आला पाहिजे. ‘घरचा मुलगा गेला.’ त्याच्या एकच दिवस आधी मेट्सचाच गोलंदाज एडविन डिआझ ६ कोटी ९० लाखांवर डॉजर्सकडे गेला होता, तेव्हा वाचवलेला सगळा गहिवर इथे खर्च करा. क्लबचे कारभारी डेव्हिड स्टर्न्स यांनी पैसे दिले नाहीत म्हणून त्यांना कंजूष म्हणा. दिले असते तर उधळे म्हणायचं होतं. तो कागद लिहून तयारच होता, फाडू नका, फेब्रुवारीत लागेल.

खेळाडू लोभी आहेत, हे मात्र सगळ्या बाजूंनी मान्य असायला हवं. कर्ट फ्लड हे नाव कुणी काढलं तर विषय बदला. एकेकाळी क्लबच्या मर्जीवर खेळाडू आयुष्यभर बांधलेला असे. १९६९ मध्ये सेंट लुईसने फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला धाडलं. तो गेला नाही, कोर्टात गेला, १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला आणि खेळायचं ते संपलं. खेळाडूंना मोकळं करणारा निवाडा आला १९७५ च्या डिसेंबरात, दुसऱ्याच दोघांच्या नावावर. हे ऐकून माणूस क्षणभर गप्प बसतो. शेगडीभोवती गप्प बसणं शोभत नाही.

त्यापेक्षा पगारावर कमाल मर्यादा आणावी की नाही हे काढा. खेळाडू आणि मालक यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो, म्हणजे हा विषय पुरेल. डॉजर्सनी खेळ विकत घेतला, असं संतापून म्हणा. कुणी विचारलं, ‘मग मेट्सनी काय केलं?’, तर सांगा, त्यांनी घेतला, आम्ही प्रयत्न केला.

वसंतात पहिला सामना येईल. फ्लशिंगच्या मैदानाकडे गाडी न्यायचा विचार मनात आलाच तर पार्किंगचा दर बघा आणि चटकन सात नंबरची सबवे पकडा. पिशवीत पोळीभाजीचा डबा असू द्या, आतल्या हॉटडॉगचे भाव काय ते तुम्हाला माहीतच आहे. जॅक्सन हाइट्सला शेजारी एखादा निळी टोपीवाला येऊन बसेल आणि विचारेल, ‘बुलपेनमधल्या राखीव गोलंदाजांत अजून एकावर तीन-चार कोटी टाकायला हवे होते, नाही?’ डबा मांडीवर घट्ट धरा आणि म्हणा, ‘चारने काय होतंय? पाच टाकायचे.’